काळ्या मातीत पुढचं चाक जाम होते, पावसाळ्यात पांदणीनं गाडी न्यायची तरी कशी?

अडाणकाठचा (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून नुसतं वाचत आलो, आज पहिल्यांदा लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडं २०० सीसीची ड्युअल स्पोर्ट गाडी आहे, सेकंडहँड घेतलेली, पुढं २१ इंची अन् मागं १८ इंची स्पोकचं चाक, टायर शोरूममधून आलेलेच. उन्हाळाभर सकाळी पाचला उठून चालवली. पुसदकडच्या टेकड्या झाल्या, मुरमाचे चढ झाले, अरुणावती धरणाचं पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या वाटा झाल्या, कुठं अडलो नाही. उभं राहून, गुडघ्यानं टाकी धरून चालवायलाही बऱ्यापैकी जमायला लागलं होतं.

मग जूनच्या शेवटी दोन रात्री जोरात पाऊस झाला अन् तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं म्हणून आमच्या गावाहून पलीकडच्या गावाला जाणाऱ्या पांदणीत गाडी घातली. पांदण चारेक किलोमीटरची, दोन्हीकडं वावरं, मधात एक नाला. वरून पाहिलं तर वाळल्यासारखी दिसत होती. पहिले शंभर मीटर बरोबर गेलो. नंतर चाकाला माती धरायला लागली, त्या मातीला मागच्या सालच्या पऱ्हाटीची धसकटं अन् गवत धरायला लागलं, टायरच्या खाचा बुजून चाक आधी गुळगुळीत झालं, मग जाड झालं, अन् मडगार्डच्या आत ते सगळं असं ठासून बसलं की पुढचं चाक फिरायचंच थांबलं. मागचं चाक ढकलते अन् पुढचं वखराच्या पासेसारखं नुसतं घासत जाते.

पडलो, लागलं नाही. बाभळीची काडी घेऊन माती काढली, दहापंधरा फूट गेलो, परत जाम. असं दीड तास केलं तेव्हा कुठं तीनचारशे मीटर सरकलो अन् क्लचचा जळका वास यायला लागला तसा पोटात गोळाच आला. तिथंच धुऱ्यावर एक काका बसले होते, बी-खत घरी आणून ठेवलेलं पण वापसा नाही, म्हणजे माती कामापुरती सुकली नाही, म्हणून पेरणी थांबवलेली. ते खुरपं घेऊन आले अन् चाकाच्या अन् मडगार्डच्या मधातली माती त्यांनी बैलाच्या खुरातला खडा काढावा तशी सावकाश काढली. म्हणाले, "बाबू, अशात आम्ही बैलं नेत नाही या पांदणीनं, तू गाडी घेऊन आला." दोघांनी मिळून गाडी धुऱ्यावरच्या गवतात नेली, बाभळीखाली उभी केली, मी पायी घरी आलो. दोन दिवसांनी घ्यायला गेलो तर त्यांनी गाडीवर खताच्या रिकाम्या पोत्यांचं पांघरूण घालून ठेवलं होतं.

आता विचारायचं ते असं. टायर बदलले तर हे सुटते का? मडगार्डचं काय करायचं? चालवायची पद्धत काही वेगळी असते का या मातीसाठी, कारण व्हिडिओत जे शिकवतात ते सगळं वाळू, दगड, बर्फ असं असते, आपल्या काळ्या मातीचं कोणीच सांगत नाही. अन् पावसाळ्यात आपल्या विदर्भात जाण्यासारखे कच्चे रस्ते कोणते, ज्यानं कोणाचं नुकसान होत नाही. आमच्या ग्रुपमधले सगळे लडाखचे पैसे जमवून राहिले. मला आधी माझाच तालुका पाहायचा आहे, पांदणी-पांदणीनं, आजोबा बंडीनं जायचे त्या वाटांनी. म्हणून मनापासून विचारतो.


पाना_पक्कड (अकोला)

भाऊ, पयले तर तू जबरदस्ती करून गाडी ओढत नाही नेली, सोडून पायी आला, हे लय चांगलं केलं. क्लच जाळून आलेल्या गाड्या दर पावसाळ्यात माह्याकडं येतेच, अन् सगळ्यायची गोष्ट एकच, अजून दहा फूट, अजून दहा फूट.

मातीचं समजून घे मंग टायरवर येऊ. आपली माती बेसॉल्टचा दगड झिजून झालेली, तिच्यात चिकणमातीचा भाग जास्त, अन् थे चिकणमाती पाणी पेली का फुगते, वाळली का आकसते. म्हणून एप्रिल-मे मधे वावरात पाय जाईन अशा भेगा पडते अन् पाऊस आला का त्याच भेगाइतून पाणी खालपर्यंत जाऊन सगळं गाऱ्यासारखं होते. वरून ऊन पडलं का दोन बोटं जाडीची पापडी सुकते, खाली लोणी तसंच. तुले वाळलेली दिसली थे पापडी होती. मुरमाचं तसं नाही, मुरूम पाणी खाली सोडते, तासाभरात गाडी धरते.

आता टायर. मोठ्या गठ्ठ्याचे नॉबी टाक, फायदा आहे, गठ्ठ्याइच्या मधात जागा जास्त असली का माती सुटून पडते. पण हे वेग असला तरच. हळू चालवली तर कोणताच टायर काळी माती सोडत नाही, हे मी वीस वर्साच्या धंद्यातून सांगतो. मंग खरा इलाज मडगार्डचा. चाकाले चिकटून असलेलं खालचं मडगार्ड काढून हेडलाइटच्या खाली, टी-क्लॅम्पले बसते तसं उंच मडगार्ड लावायचं. चाक अन् मडगार्डच्या मधात हाताची मूठ आडवी गेली पायजे, गठ्ठा फिरून गळून पडते मंग. पण एक पाय, काही गाड्याइत खालच्या मडगार्डच्या आतली लोखंडी कमान दोन्ही शॉकअपले बांधून ठेवते, थे काढली का हँडल लवचिक होते. मिस्त्रीले दाखवल्याबिगर काढू नको. अन् उंच मडगार्ड लावलं का चिखल इंजिनवर येईन, रेडिएटरवाली गाडी असन त जाळीवर माती बसून गाडी तापते, थांबून थांबून पाणी मारा लागते.

हवेचं: मुरूम-गोट्यात १८ ते २० पीएसआयवर आणली तरी चालते, गाडी कमी उडते. तुही ट्यूबवाली आहे, त्याच्यापेक्षा कमी करू नको, रिममधे टायर सरकते अन् ट्यूबचा वॉल्व उपटून येते. पंप सोबत पायजेच, डांबरीवर आला का परत भर.

ट्यूबची एक गोष्ट कोणी सांगत नाही. २१ इंची ट्यूब आपल्याकडं तालुक्यालेही भेटत नाही पण १८ ची कोणत्याही गावात भेटते, कारण स्प्लेंडरले थेच चाक आहे. म्हणून सोबत ठेवायची त २१ ची एक ठेव. वेळ पडली त थेच २१ ची मागच्या १८ मधे घडी घालून बसते अन् हळूहळू घरापर्यंत आणते.

गाडी घरी आली का माती ओली असतानाच धू. वाळली का सिमेंट होते, मंग लोक स्क्रूड्रायव्हरनं ठोकतात अन् फ्रेमचा रंग घालवतात. प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगवर सरळ मारू नको. चेन रॉकेलच्या फडक्यानं पुसून तेल दे, हाताला फिरवून पाय, कुठं अडकते का.


वर्धा_४५०

मी जरा वेगळं सांगतो. माझ्याकडं हिमालयन ४५० आहे, मागच्या पावसाळ्यात नॉबी टाकले अन् सेलू साईडला बऱ्याच पांदणी केल्या. माझा अनुभव असा की दुसऱ्या गिअरमधे एकसारखा गॅस ठेवायचा, सोडायचा नाही, वजन मागं टाकायचं, नजर लांब, हँडल सैल धरायचं, पुढचा ब्रेक विसरून जायचा. गाडी हलते, मासोळीसारखी शेपूट हलवते, हलू द्यायची. घाबरून गॅस सोडला की पुढचं चाक रुतते अन् तिथंच खेळ संपते. वेगात माती फेकली जाते हे अगदी खरं आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बंडीच्या दोन चाकोऱ्यांमधे जो गवताचा पट्टा असते ना त्याच्यावरून चालवायची, चाकोरीत उतरायचंच नाही. गवताची मुळं माती धरून ठेवतात. चाकोरीत पाणी साचलेलं असते अन् एकदा आत गेलं की बाहेर निघता येत नाही.


पाना_पक्कड (अकोला)

गवताच्या पट्ट्याचं एकदम बरोबर सांगितलं भाऊनं. गॅसचंही बरोबर. पण वजनाचं बोलाच लागते. तुमची गाडी १९६ किलो, स्प्लेंडर ११२ किलो. आमच्याकडचा दूधवाला स्प्लेंडरवर दोन्हीकडं कॅन लटकवून ज्या पांदणीनं रोज जाते तिथी मोठी गाडी पडली का एकट्यानं उचलत नाही, पाय धरालेच जमीन नसते. सोबत दोघंतिघं असन त घाला खुशाल. एकटा माणूस असन त हलकी गाडीच बरी, अन् दारव्ह्याच्या भाऊची गाडी या कामाले एकदम बरोबर आहे, त्यानं मन छोटं करू नये.

अन् वेगाचं, वेगानं माती सुटते पण पांदणीले वळण असते, समोरून बंडी येते, बकऱ्या येते, शाळेची पोरं येते. पांदण काही ट्रॅक नाही.


सिपनाकाठ (धारणी)

मेळघाटातला आहे म्हणून तिकडचं सांगतो. आमच्याकडं काळ्या मातीचा त्रास तुमच्यासारखा नाही, आमचा त्रास नाले. सिपना, गाडगा, खापरा, खंडू, डोलार या मोठ्या नद्या, त्यांना मिळणारे नाले तर मोजताच येत नाही. सकाळी घोट्याएवढं पाणी असलेला नाला वर डोंगरात पाऊस झाला तर दुपारी छातीएवढा होतो अन् तुमच्या डोक्यावर ऊन असते, तुम्हाला पत्ताच नसतो. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या वाहून यायला लागल्या की समजायचं वरून लोंढा येऊन राहिला, काठावरच थांबायचं.

मी सहा वर्षांआधी असाच फसलो. नाला मांडीएवढा असेल असं अंदाजानं धरलं, पायी उतरून पाहिलं नाही. मधात एक डोह निघाला, गाडी टाकीपर्यंत बुडाली, बंद पडली, अन् मी घाईघाईत लगेच सेल्फ मारला. ते मारायचं नव्हतं. सिलिंडरमधे पाणी गेलेलं, हवा दबते पण पाणी दबत नाही, पिस्टन वर आला तो पाण्यावर आदळला अन् कनेक्टिंग रॉड वाकला. इंजिन पूर्ण खोलावं लागलं, त्या वर्षी कापसाचे आले तेवढे त्यातच गेले. तेव्हापासून नियम केला: आधी बूट काढायचे नाही, बुटासकटच पायी पूर्ण नाला ओलांडायचा, काठी टेकत, जिथून गाडी न्यायची त्याच रेषेनं. पाणी चाकाच्या मधल्या एक्सलपर्यंत असेल तर जायचं, त्याच्यावर असेल अन् धार असेल तर गाडी काठावर ठेवून थांबायचं. पायानं चालताना धार तुम्हालाच हलवत असेल तर गाडीला पाडणारच. पहिल्या गिअरमधे एकसारखा गॅस, क्लच दाबून मधात थांबायचं नाही. तळाचे दगड शेवाळलेले असतात, जिथं पाणी उथळ अन् खळखळ आवाज करते तिथं तळ कडक असते, जिथं शांत दिसते तिथं डोह.

अन् बुडालीच तर ढकलत बाहेर काढा, सेल्फला हात लावू नका, प्लग काढा, एअर फिल्टरचा डबा खोलून पाणी काढा, मग प्लगच्या भोकातून पाणी उडून जाईपर्यंत इंजिन फिरवा. इंजिन ऑइल चहात दूध टाकल्यासारखं झालं असेल तर चालू न करता आधी ऑइल बदला. प्लगचा पाना गाडीसोबत ठेवाच.

रपट्याचंही, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलाचंही, तेच. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर जाऊच नका, कितीही कमी दिसलं तरी. रपट्याला कठडा नसते, त्याचा किती भाग वाहून गेला ते गढूळ पाण्यातून दिसत नाही, अन् दरवर्षी आपल्याच भागातले लोक यात जातात.

आता फिरायचं कुठं. परतवाडा, घटांग, सेमाडोह, हरिसाल, धारणी हा डांबरी रस्ता सगळ्यांसाठी आहे अन् पावसाळ्यात त्याच्यासारखा रस्ता नाही, पण त्या रस्त्यापासून आत जाणाऱ्या जंगल खात्याच्या कच्च्या वाटा दिसल्या म्हणून गाडी घालायची नाही. मेळघाट १९७३-७४ च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे अन् गाडी जप्त होते. नाक्यावर विचारा, काय चालू काय बंद ते गार्ड नीट सांगतात. मोर्शीकडून सालबर्डी, किंवा चिखलदऱ्याच्या पायथ्याच्या गावांचे रस्ते, अकोटकडून नरनाळ्याच्या पायथ्यापर्यंत, असं केलं तरी भरपूर होते. गावातून जाताना गाडी हळू, हॉर्न नको. कोरकू पाड्यात अंगणं रस्त्यालाच लागून असतात, कोंबडी-पोरं रस्त्यावरच असतात. एक चांगली कोंबडी मारली गेली तर त्या घरचं किती नुकसान झालं हे तिथं राहणाऱ्यालाच कळते.

टाकी परतवाड्याला फुल करून घ्या, आत फोन लागत नाही.


अडाणकाठचा (दारव्हा तालुका)

एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे खरंच आभार. सिपनाकाठ भाऊ, सेल्फचं वाचून अंगावर काटा आला, मी पण तेच केलं असतं.

अजून दोन विचारतो. एक, गाडी एकट्यानं उचलायची पद्धत काय, कारण त्या दिवशी दुसऱ्यांदा पडली तेव्हा उचलताना कमरेत चमक भरली ती आठ दिवस होती. दुसरं, आमच्याकडं शकुंतलेची लाईन आहे, यवतमाळ-मूर्तिजापूरची, गाडी बंद आहे, रुळांच्या बाजूनं मुरमाची पायवाट कित्येक किलोमीटर जाते, काळ्या मातीपेक्षा उंच आहे, पावसाळ्यात तिथून गाडी न्यावी का?


वर्धा_४५०

उचलायचं सांगतो. गाडी बंद करा, गिअरमधे टाका म्हणजे घरंगळत नाही. उजवीकडं पडली असेल तर आधीच साइड स्टँड काढून ठेवा. मग हँडल जमिनीकडं पूर्ण वळवा, गाडीकडं पाठ करून सीटला कुल्ले टेकवा, एका हातानं हँडल, दुसऱ्या हातानं मागची पकड किंवा फ्रेम, पाठ ताठ ठेवून पायानं जोर लावत छोटीछोटी पावलं मागं टाकायची. कमरेनं उचलायचं नाही, मांड्यांनी उचलायचं. घरी अंगणात पोतं अंथरून दहा वेळा करून पाहा.

शकुंतलेचं, नका नेऊ. गाडी बंद असली तरी जागा रेल्वेची आहे. अन् जुन्या लाईनवर छोटे पूल आहेत, गवत वाढलं की मधली फट दिसत नाही, चाक सरळ आत जाईल. पायी चालत जा, फोटो काढा, मोतीबागचं स्टेशन पाहा, पण गाडी नको.


सिस्टर_एटापल्ली

मी इथं कधी लिहीत नाही, माझा भाऊ रायडिंग करते म्हणून वाचते. मी आरोग्य सेविका आहे, गडचिरोली जिल्हा, माझी गाडी १०० सीसीची साधी. मी ॲडव्हेंचर म्हणून जात नाही, लसीकरणाचा दिवस असते म्हणून जाते. पण रस्ता तोच आहे, म्हणून मला जे माहीत ते सांगते.

लसीचा डबा मागं बांधलेला असते, त्यात आइसपॅक, ते वितळायच्या आत पोचायचं असते. त्यामुळे मी घाई करत नाही, उलटंच करते. घाई केली की पडते, पडली की अर्धा तास जाते, डबा उघडला तर सगळी मेहनत वाया. जिथं शंका वाटते तिथं उतरून चालत पाहून येते, दोन मिनिटं लागतात. डब्याला दोन रबरी पट्टे अन् वरून एक सुती दोरी बांधते, रबर ताणून ताणून निसटते, दोरी निसटत नाही.

निघताना कोणत्या गावाला चालली, कोणत्या वाटेनं अन् किती वाजेपर्यंत परत येणार हे आशाताईला सांगते अन् पोचली की त्या गावातून निरोप देते. इकडं फोनचा भरवसा नाही म्हणून माणसांचा भरवसा ठेवावा लागते. तुम्ही लोक मॅप डाउनलोड करता ते ठीक आहे पण मॅपला हे माहीत नसते की काल रात्री झाड पडलं. नाल्याच्या अलीकडच्या गावात थांबून जोहार करा, विचारा की कालपासून कोणी पलीकडून आलं का. कोणीच आलं नसेल तर तुम्ही पण जाऊ नका. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटला असं दरवर्षी पेपरात येते, ते तुम्ही वाचता, आमच्याकडच्या छोट्या नाल्यांचं पेपरात येत नाही इतकंच.

दुसरं आरोग्याचं. पावसाळ्यात जंगलभागात मुक्काम करणार असाल तर मच्छरदाणी न्याच, फुल बाह्याचे कपडे घाला. परत गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत थंडी वाजून ताप आला तर घरी गोळ्या खात बसू नका, रक्त तपासा अन् डॉक्टरला सांगा की गडचिरोलीला किंवा मेळघाटला जाऊन आलो. मेंदूचा मलेरिया दोन दिवसांत माणूस नेते. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, चावलेला हात-पाय हलवू न देता सरळ सरकारी दवाखाना, सापाच्या विषावरची लस तिथं असते. १०८ ला फोन लागला तर लावा, नाही लागला तर गावातली कोणतीही गाडी घ्या.

अन् भाऊ, तुम्ही आपलाच तालुका पाहायचा म्हणता ते मला फार आवडलं. मी बारा वर्षांत माझी सगळी गावं पाहिली, एकेका घरातलं कोण आजारी आहे ते माहीत आहे. दिवाळीनंतर या इकडं, वाटा कोरड्या होतात, आलापल्लीच्या सागवानातून सकाळी गाडी चालवून पाहा, धुकं झाडांच्या मधात असते.


धानपट्टा (गोंदिया)

ताईंनी सगळं सांगितलं, मी फक्त पूर्वेकडचं जोडतो. यवतमाळ-अकोल्याचे रायडर आमच्याकडं येतात अन् समजतात इथं कपाशीची माती नाही म्हणजे सोपं आहे. आमच्याकडं जमिनीला नावं आहेत, कन्हार, मोरांड, सिहार, बरडी. बरडीवर पावसात पण गाडी चालते. कन्हार म्हणजे तुमच्यासारखीच काळी जड, तिच्यात जाऊ नका. गावात नुसतं विचारलं की पुढं कन्हार लागते का, तर लहान पोरगं पण बरोबर सांगते.

एक विनंती आहे. धानाच्या बांधीची धुरी अन् मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ, याच्यावरून गाडी नेऊ नका. दिसायला मस्त दिसते, एका बाजूनं पाणी, एका बाजूनं धान, व्हिडिओ चांगला येतो. पण ओली पाळ चाकानं कापली की तिथून पाणी झिरपते अन् एका रात्रीत फुटते. मालगुजारांच्या काळात बांधलेले तलाव आहेत ते, अजूनही त्याच पाण्यावर रोवणी होते.

अजून एक जीवाचं. रानडुकरांसाठी शेताभोवती तार लावतात. झटका मशीनचा झटका लागला तर माणूस वाचते, पण कोणी कोणी लाईनवरून सरळ करंट सोडतात, ते बेकायदेशीर आहे अन् त्यात माणसं मेली आहेत. म्हणून अंधार पडल्यावर पांदणीनं, धुऱ्यानं गाडी नको, अन् रस्ता चुकला म्हणून दुसऱ्याच्या वावरातून शॉर्टकट तर नकोच. कठडा नसलेल्या विहिरीही असतात गवतात झाकलेल्या. सूर्य बुडायच्या आत डांबरीवर या.


अडाणकाठचा (दारव्हा तालुका)

मधात तीन आठवडे गेले, लिहायचं राहून गेलं. काल जाऊन आलो, तीच पांदण, म्हणून सांगतो.

यावेळी आधी काकांना फोन केला. ते म्हणाले तीन दिवस उघाड आहे, ये, पण आधी माझ्याकडं ये. गेलो तर त्यांनी पांदणीच्या कडेची माती उकरून, वरची पापडी बाजूला करून खालची मूठभर घेतली, दाबून लाडू केला अन् कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. पडल्यावर फुटून भुगा झाला. म्हणाले, "हा वापसा. असा फुटला तर डवरा चालते, बैल चालते, तुही गाडीही चालन. न फुटता चपटा झाला तर घरी बसायचं." मग मलाही करायला लावलं, पुढं नाल्याजवळच्या खोलगट जागी मीच केला तर तिथं चपटा झाला. तेवढा पन्नास-साठ फुटांचा तुकडा मी उतरून, गाडी चालू ठेवून बाजूनं चालत, गवतावरून काढला. बाकी पूर्ण पांदण मधल्या गवताच्या पट्ट्यावरून, दुसऱ्या गिअरमधे, उभ्यानं. नाला बुटासकट दोनदा पायी पाहिला, एक्सलच्या खाली पाणी, खळखळ होती तिथून काढली.

मडगार्ड अजून तेच आहे, तरी एकदाही जाम झालं नाही. दोन ठिकाणी माती धरली तेव्हा थांबून खुरप्यानं काढली, खुरपं काकांनीच दिलं आहे, आता ते टूलकिटमधेच राहते. काकांची पेरणी झाली, कपाशी चार पानांवर आहे, मधात तुरीचं तास. पलीकडच्या गावात पोचलो तर चौकातल्या हॉटेलवाल्यानं विचारलं, कुठून आला, मी म्हटलं पांदणीनं, तर त्यांनी चहाचे पैसे घेतले नाही, म्हणाले माझी बायको त्या गावची आहे, लग्नाची वरात याच पांदणीनं बंडीवर आली होती.

पाना पक्कड भाऊ, उंच मडगार्ड बसवायचं पक्कं आहे, पुढच्या रविवारी अकोल्याला येतो. दुकान उघडं असते का अन् कितीला?


पाना_पक्कड (अकोला)

असते, नऊले ये. त्या शॉकअपमधली कमान आहे का नाही थे मी खोलून पाहतो मंगच ठरवू. अन् २१ ची ट्यूब मी मागवून ठेवतो, एक तुह्यासाठी, एक दुकानात.